पट्टीवरची कोरी जागा

[पडद्यावर: कागदाची अरुंद पट्टी. तिच्यावर फिकट-गडद पट्टे.]

स्वीडनच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठचं शहर आहे, माल्मो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या प्रयोगशाळेत कार्ल-बर्टिल लॉरेल अशा पट्ट्या तपासत असत. विजेच्या प्रवाहानं रक्तातली प्रथिनं वेगवेगळी व्हायची आणि पट्टीवर प्रत्येकाची जागा उमटायची. सुमारे १,५०० पट्ट्यांमध्ये पाच अशा निघाल्या, की ‘अल्फा-१’ नावाच्या प्रथिनांचा पट्टा जिथं हवा तिथं कागद जवळजवळ कोरा. पट्टी बिघडली असेल म्हणून ती टाकून देणं किती सोपं होतं! लॉरेल यांनी टाकली नाही. तरुण डॉक्टर स्टेन एरिक्सन यांच्यासोबत त्यांनी त्या पट्ट्यांमागची माणसं शोधली. पाचांपैकी तिघांची फुप्फुसं कमी वयातच झिजलेली होती. १९६३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

[पडद्यावर: फुप्फुस आणि यकृताचं रेखाचित्र.]

त्या कोऱ्या जागी जे प्रथिन दिसायला हवं होतं, त्याचं नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि रक्तातून फुप्फुसांपर्यंत जातं. जंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी एक तिखट विकर सोडतात. ते आवरलं नाही, तर जंतूंबरोबर फुप्फुसाची लवचीक जाळीही खाऊन टाकतं. त्याला आवरणारं प्रथिन ते हेच.

आई आणि वडील दोघांकडूनही ‘झेड’ नावाचं सदोष जनुक आलं, की हे प्रथिन घडतानाच वाकडं होतं. त्याचे रेणू एकमेकांत अडकून यकृताच्या पेशीतच साठत जातात. यकृताला साठलेल्याचा जाच आणि फुप्फुसांना न पोचलेल्याची उणीव, असा हा एकाच दोषाचा दुहेरी मार.

[पडद्यावर: पाळण्यातलं बाळ.]

१९७२ ते १९७४ या काळात स्वीडननं सुमारे दोन लाख नवजात बाळांचं रक्त तपासलं. साधारण सोळाशे बाळांमागे एकाला हा दोष सापडला. पण धडधाकट दिसणाऱ्या बाळाबद्दल अशी बातमी ऐकणं आईबापांना फार जड गेलं. घराघरांत भीती शिरली आणि तपासणी थांबवावी लागली.

त्या आईबापांचं दुःख खरंच होतं. पण पुढची गोष्टही सांगायलाच हवी, कारण डॉक्टर त्या मुलांना वर्षानुवर्षं भेटत राहिले. काहींना बाळपणी कावीळ झाली, मोजकी मुलं यकृताच्या आजारानं गेली. बहुतेक मात्र वाढली, शिकली, कामाला लागली. वयात आल्यावर त्यांच्यातली सिगारेट धरणारी मुलं बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा कमी निघाली. तिशीत, ज्यांनी ती धरलीच नाही त्यांची फुप्फुसं बहुतांशी नीट चालत होती. आधी कळलं होतं, म्हणून हे झालं.

[पडद्यावर: ॲशट्रेमध्ये विझत जाणारी सिगारेट.]

सिगारेटबद्दल इथं जरा थांबायला हवं. तिचा धूर पांढऱ्या पेशींना फुप्फुसात बोलावून आणतो आणि जे थोडंफार प्रथिन पोचलेलं असतं, त्यालाही निकामी करतो. या माणसांसाठी ‘दिवसातून एखादी’ असं काही नसतंच. घरात दुसऱ्यानं ओढलेलीही नको.

बाकीची काळजी रोजच्या जगण्यात बसणारी आहे. फ्लू आणि न्यूमोनियाची लस, यकृतासाठी हिपॅटायटिस ए आणि बीची लस. दारू टाळणं. धूळ-धुराच्या कामात मास्क, जमलं तर कामच बदलणं. चालणं, व्यायाम. कफाचा रंग बदलला की वाट न बघता डॉक्टरकडे जाणं. ठरावीक काळानं फुंकून श्वासाची क्षमता मोजणं आणि यकृताची सोनोग्राफी.

दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं हेच प्रथिन दर आठवड्याला शिरेतून देता येतं. अमेरिकेत १९८७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. त्यानं फुप्फुसाची झीज मंदावते, गेलेलं परत येत नाही आणि यकृताला त्याचा उपयोग नाही. यकृत पूर्ण थकलं तर प्रत्यारोपण. नवं यकृत मात्र नीट प्रथिन बनवतं!

[पडद्यावर: महाराष्ट्रातलं एक घर, पेटलेली चूल.]

आपल्याकडे झेड जनुक विरळ आहे. इथं धाप लागण्यामागे चुलीचा धूर, विडी, जुना क्षय ही कारणं कितीतरी अधिक. तरीही चाळिशीच्या आत, कधीच न ओढलेल्या माणसाची फुप्फुसं झिजलेली दिसली, किंवा बाळाची कावीळ दोन आठवडे उलटूनही उतरेना आणि शी पांढरट होऊ लागली, तर थांबू नका. बाळाच्या बाबतीत तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण पित्तनलिकेचा आजारही असाच दिसतो आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. रक्ताचा एक नमुना पुरतो. आणि दोष निघालाच, तर सख्ख्या भावंडांनाही तपासणीला न्या, त्यांना काहीच त्रास नसला तरी.