चुकलेलं नाणं की चेचलेलं नाणं?

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या टेबलाच्या खणात एका छोट्या पाकिटात एक नाणं आहे. नाणी जमवायच्या छंदाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी ते ऑनलाइन विकत घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'ब्रॉकेज, अतिदुर्मीळ मिंट एरर'. मिंट एरर म्हणजे टाकसाळीत छापतानाच झालेली चूक. फोटोत एका बाजूला अक्षरं उलटी दिसत होती, आरशात दिसावीत तशी, आणि आत दबलेली. ब्रॉकेज हा शब्द मी नुकताच कुठंतरी वाचला होता, आणि नवा शब्द कळला की माणसाला तो जिथं तिथं दिसायला लागतो. पैसे भरून मोकळा झालो.

नाणं हातात आलं तेव्हा भिंगाखाली धरलं. उलट्या अक्षरांच्या खालून मूळची सुलटी अक्षरं डोकावत होती. पालथं केलं, तर मागच्या बाजूची नक्षी चपटी झालेली, जणू कुणी वरून दाबून बसलंय. मी तेवढ्यावरही खूश होतो. दोन-दोन चुका एकाच नाण्यावर! ही खुशी महिनाभर टिकली. मग एका जुन्या जाणत्या संग्राहकाला ते दाखवलं. त्यांनी ते बोटांत एकदा फिरवलं आणि म्हणाले, "अहो, हे वाईसमध्ये आवळलंय."

दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवायची, फिटरच्या वाईसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट पकडायच्या शिकंज्यात, घालून दांडा पिळायचा, की एकाची नक्षी दुसऱ्यावर उलटी उमटते. दोन मिनिटांचं काम. खरं ब्रॉकेज वेगळ्या प्रकारे घडतं. छापलं गेलेलं एखादं नाणं बाहेर पडण्याऐवजी ठशालाच चिकटून बसतं. पुढची कोरी चकती येते आणि ठशाऐवजी त्या नाण्यावर आपटते. चकती कोरी असते, म्हणून उलट्या आकृतीखाली दुसरं काही असण्याचा प्रश्नच नसतो, आणि दुसऱ्या बाजूला खरा ठसा असल्यामुळे ती बाजू नीट उठावदार येते. माझ्या नाण्यावर नेमकं याच्या उलट होतं. नाणं पुरेपूर सगळं सांगत होतं. माझं लक्ष जाहिरातीच्या शीर्षकावर होतं.

तेव्हापासून कुठलंही 'एरर' नाणं समोर आलं की मी एकच विचारतो: हे टाकसाळीत घडलं असेल, तर नेमकं कोणत्या पायरीवर घडलं?

पायऱ्या फार नाहीत. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात. त्या तापवून मऊ करतात. मग कड थोडी दाबून उचलून घेतात. शेवटी दोन ठशांमध्ये, भोवती कडं असताना, चकतीवर दाब पडतो. म्हणजे चूक चकतीत असेल, ठशात असेल, नाहीतर छापताना झाली असेल. चौथी जागा नाही. खिशात, रस्त्यावर, कपडे वाळवायच्या यंत्रात, आम्लाच्या वाटीत किंवा गॅरेजमध्ये नाण्याचं जे होतं ती इजा. टाकसाळीचा त्यात हात नाही. आणि ऑनलाइन जे 'एरर' म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. वाळवणी यंत्राच्या फटीत अडकलेलं नाणं आठवडेच्या आठवडे आपटत राहतं, त्याची कड आत वळते, अक्षरं कडेला जाऊन भिडतात. दिसतं छान! पण असं काम करणारं यंत्र कुठल्याच टाकसाळीत नसतं.

सगळ्यात जास्त घोळ दुहेरी अक्षरांचा. अमेरिकेचा 1955 सालचा डबल्ड डाय सेंट प्रसिद्ध आहे. डाय म्हणजे ठसा. त्यावरचा सन आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनीही जोडीनं दिसतात. ठसा तयार करताना मूळ साच्याचा दाब त्यावर एकापेक्षा जास्त वेळा द्यायचे. त्या दोन दाबांच्या मध्ये ठसा किंचित फिरला आणि जोडप्रतिमा ठशातच कोरली गेली. त्यामुळे त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती आहे, दोन्ही आकृत्या गोलसर आणि उठावदार, अक्षरांच्या कोपऱ्यांशी खाच. हल्ली ऑनलाइन 'डबल डाय' म्हणून जे खपवतात त्यात मात्र बहुतेकदा छापताना सैल ठसा हललेला असतो. त्यानं अक्षराच्या कडेला धातू खाली दाबून एक सपाट पायरी तयार होते. अक्षर जाड होत नाही, उलट त्याची रुंदी खाल्ली जाते. हेही टाकसाळीतच होतं, खोटं नाही, पण इतकं सर्रास होतं की संग्राहक त्याला भाव देत नाहीत. 1982 नंतरच्या जस्ताच्या अमेरिकन सेंटवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. त्याखाली हवा धरली की फोड येतो. तो फोड अक्षरावर आला की झाली 'डबल डाय'ची जाहिरात.

आणखी एक जात आहे, आणि तिचं मला खरंच हसू येतं. त्या नाण्यात चूक मुळी नसतेच. ब्रिटनच्या दोन पेन्सच्या नाण्यावर 1971 ते 1981 पर्यंत 'न्यू पेन्स' असंच लिहिलेलं होतं. 1982 पासून 'टू पेन्स' आलं. 1983 मध्ये मात्र संग्राहकांसाठीच्या संचांतल्या काही नाण्यांवर चुकून जुना ठसा लागला आणि 'न्यू पेन्स' छापलं गेलं. ते 1983 चं नाणं दुर्मीळ खरं. पण ऑनलाइन बघा, 1971 चं, 1977 चं नाणं 'दुर्मीळ न्यू पेन्स एरर' म्हणून मिरवत असतं. कोट्यवधी नाण्यांवर जे लिहायचंच होतं ते लिहिलेलं आहे, यात चुकलं कोण?

ग्रीसच्या 2002 सालच्या दोन युरोच्या नाण्यावर एका चांदणीच्या पोटात इंग्रजी एस हे अक्षर आहे. त्यावरून विक्रेते आकाशाला भिडणाऱ्या किमती लावतात. तो एस म्हणजे सुओमी, फिनलंडचं स्वतःच्या भाषेतलं नाव. युरो चलन आलं तेव्हा ग्रीसची काही नाणी फिनलंडमध्ये छापून घेतली, त्याची ती खूण. आणि छापली तीही कोट्यवधी. तसंच अमेरिकन सेंटवर 'मिंट मार्कच नाही', म्हणजे कुठल्या टाकसाळीत छापलं ते सांगणारं अक्षरच नाही, अशी बोंब. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतल्या सेंटवर तो नसतोच. 2017 या एका वर्षी, अमेरिकेच्या टाकसाळ-संस्थेला 225 वर्षं झाली म्हणून, पी हे अक्षर घातलं होतं. ब्रिटनच्या दोन पौंडाच्या नाण्याच्या कडेवरचा मजकूर 'उलटा' असणं हीसुद्धा चूक नाही. कडेवर अक्षरं आधी उमटतात, मग चकती कशीही पालथी-सुलटी ठशाखाली जाते.

आता किमतीकडे येऊ. ऑनलाइन दिसणारा आकडा बऱ्याचदा फक्त मागितलेला असतो. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. एकजण उगाच मोठा आकडा लावून ठेवतो. दुसरा त्याच्यावर व्हिडिओ करतो, 'हे नाणं तुमच्याकडे आहे का?' तिसरा घरातली बरणी पालथी करून तसंच नाणं शोधतो आणि व्हिडिओतल्या आकड्यात थोडी भर घालून जाहिरात टाकतो. अशा तीस जाहिराती झाल्या की चौथ्याला वाटतं, बाजारभावच हा. मधल्या मध्ये नाणं एकही विकलेलं नसतं. मला यातल्या तिसऱ्या माणसाचा राग येत नाही, तो बिचारा मनापासून आशा लावून बसलेला असतो. राग येतो तो 'फोटो बघा आणि स्वतः ठरवा, परत घेणार नाही' असं लिहिणाऱ्याचा. त्याला सगळं पक्कं ठाऊक असतं.

पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे बऱ्याच साईटवर वेगळे पाहता येतात, ते पाहावेत. तिथंही थोडं जपून. घासाघीस होऊन सौदा कमीत झाला तरी पडद्यावर मूळ आकडा राहू शकतो, आणि बोली जिंकून पैसे न भरणारे महाभागही असतात. एका आकड्यावर जाऊ नये, आठ-दहा विक्री बघाव्यात. पारदर्शक डबीत बंद, प्रमाणित नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या साईटवर जाऊन ताडून घ्यावा, कारण डब्याही नकली निघतात.

वजनकाटा मात्र हवाच. 1943 मध्ये युद्धासाठी तांबं लागत होतं म्हणून अमेरिकेनं सेंट पोलादाचे काढले, आणि काही मोजके चुकून कांस्याच्या चकत्यांवर छापले गेले. पोलादी सेंट 2.7 ग्रॅमच्या आसपास, कांस्याचा 3.11. त्या मोजक्यांची नक्कल करायला पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा दिला की रंग जुळतो, पण चुंबकाला ते चिकटतं. मग कुणी कांस्याच्याच 1948 च्या सेंटवरच्या 8 चा डावा भाग खरवडून 3 करतं. तिथं चुंबक आणि काटा दोन्ही गप्प, भिंगच लागतं.

एक उलट प्रकारही सांगतो. मागे एकदा 'कड तुटलेलं, खराब नाणं' अशा नावानं एक नाणं स्वस्तात लागलं होतं. कडेला चंद्रकोरीसारखा घास घेतलेला. फोटो मोठा करून घास सोडून बरोबर समोरची कड पाहिली, तर ती पुसट, जवळजवळ नव्हतीच. पत्र्यातून कापतानाच चकती अपुरी निघाली की कड उचलणाऱ्या यंत्रात समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड अशी पुसट राहते. नंतर कानशीनं घासलेल्या नाण्याला हे जमत नाही. विक्रेत्यानं खऱ्या चुकीच्या नाण्यावर 'खराब' लिहिलं होतं. ते मी घेतलं. आता दोन्ही एकाच खणात आहेत, आणि वाईसमध्ये आवळलेलं अजून महाग पडलेलं आहे.

नमस्कार.