एक डॉलरची बँक आणि एक कुंभार

(अंधार. ओल्या मातीचा गोळा चाकावर आपटल्याचा आवाज. मग दृश्य उजळतं.)

शिकागो शहराचा दक्षिण भाग. स्टोनी आयलंड अव्हेन्यूवरची ही बँक 1923 साली बांधलेली. 1980च्या दशकात ती बंद पडली आणि पुढं वर्षानुवर्षं पावसापाण्यात कुजत राहिली. महापालिका ती पाडायला निघाली होती. 2012 साली एका कुंभारानं ती विकत घेतली. किंमत, एक डॉलर.

एक डॉलर कागदावरचा. दुरुस्तीला लागणारे लाखो डॉलर कुंभारानंच उभे करायचे होते. मग त्यानं बँकेच्या मुतारीतल्या संगमरवरी फरशा उखडल्या, त्यांचे तुकडे केले आणि एकेका तुकड्यावर कोरलं, ‘इन आर्ट वी ट्रस्ट’. आमचा भरवसा कलेवर. अमेरिकेच्या नोटेवर देवाचं नाव असतं, त्या जागी इथं कला आली. बँकेचे रोखे म्हणून हे तुकडे 2013 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कला-मेळ्यात विकायला ठेवले, प्रत्येकी 5,000 डॉलरला. ते विकले गेले, आणि मुतारीच्या दगडातून आलेला पैसा बँकेच्या दुरुस्तीला लागला.

या कुंभाराचं नाव थिएस्टर गेट्स.

(चाकावर वर चढत जाणारं भांडं.)

जन्म 1973, शिकागोच्या पश्चिम भागातला. आठ बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. आई शाळेत शिकवायची. वडील घरांच्या छतांवर डांबर चढवायचे. उकळतं डांबर, भर उन्हातलं छप्पर आणि हाताखाली मुलगा. पुढं वडिलांनी आपली डांबराची भट्टी मुलाला देऊन टाकली. आज मोठमोठ्या संग्रहालयांत गेट्स यांची डांबरानं केलेली चित्रं लागतात, त्यात बापाचाच हात फिरलेला आहे.

आयोवाच्या विद्यापीठात त्यांनी दोन विषय एकत्र घेतले, नगररचना आणि कुंभारकाम. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला शिक्षण, आणि जपानमध्ये तोकोनामे या कुंभारांच्या जुन्या गावी चाकावर बसणं. शिकागोच्या सार्वजनिक वाहतूक विभागात नोकरीही केली. भांडी घडत होती, पण एका कृष्णवर्णीय कुंभाराच्या वाडग्यांकडे कोण बघणार?

2007 साली त्यांनी एक गोष्ट रचली. यामागुची नावाचा एक जपानी कुंभार हिरोशिमाहून अमेरिकेत येतो, मिसिसिपीत एका कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न करतो आणि तिच्या घरच्या जेवणासाठी खास ताटं घडवतो. गेट्स यांनी त्या नावानं ताटं मांडली, पाहुणे बोलावले, जेवणं वाढली. लोकांनी विश्वास ठेवला. यामागुची कधी जन्मलाच नव्हता. हात तेच होते, माती तीच होती, पण नाव बदलताच ताटांना मान मिळाला. हे उत्तर त्यांच्या मनाला किती लागलं असेल!

खरा पूर्वज त्यांना आपल्याच देशात सापडला. डेव्हिड ड्रेक. दक्षिण कॅरोलिनातल्या एजफील्डचा गुलाम कुंभार. गुलामाला लिहिणं-वाचणं शिकवणं तिथं गुन्हा होता, त्या काळात हा माणूस भल्यामोठ्या रांजणांच्या ओल्या अंगावर दोन-दोन ओळींच्या कविता कोरायचा आणि खाली सही करायचा. 1857च्या एका रांजणावर तो विचारतो, माझे सगळे नातेवाईक कुठं असतील? एकेकाला विकून पांगवलेल्या कुटुंबातल्या माणसाचा हा प्रश्न भट्टीत भाजून पक्का झाला, म्हणून तो आजही वाचता येतो. 2010 साली मिलवॉकीच्या संग्रहालयात गेट्स यांनी ड्रेकचा रांजण मधोमध ठेवला आणि त्याच्या ओळी गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणाऱ्यांच्या मोठ्या वृंदाकडून गाऊन घेतल्या.

(आगीच्या बंबाचे जुने पाइप, पट्ट्या-पट्ट्यांनी भिंतीवर.)

हे पाइप बघा. रंग उडालेले, टाकाऊ. 1963 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये समान हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर असल्याच पाइपांतून पाण्याचा मारा झाला होता. गेट्स यांनी घड्या घालून, चौकटीत बसवून ते भिंतीवर टांगले.

शिकागोतल्या डॉर्चेस्टर अव्हेन्यूवरची पडकी घरंही त्यांनी अशीच एकेक करून हातात घेतली. पहिलं स्वतः राहायला, 2006 साली. मग शेजारचं, मग समोरचं. एका घरात बंद पडलेल्या दुकानातली वास्तुकलेवरची हजारो पुस्तकं आली, विद्यापीठानं मोडीत काढलेल्या सुमारे 60,000 काचेच्या स्लाइड्स आल्या. दुसऱ्या दुकानातल्या गाण्यांच्या तबकड्या आल्या. वस्तीतली माणसं येऊन बसू लागली, सिनेमे बघू लागली, एकत्र जेवू लागली. रिबिल्ड फाउंडेशन ही त्यांची संस्था आज हे सगळं सांभाळते. कलाबाजारातल्या श्रीमंतांच्या पैशावर गरीब वस्तीचं काम चालवावं का, असं विचारणारे आहेत, आणि प्रश्न रास्त आहे. पण ही वस्ती ओस पडत होती तेव्हा दुसरं फारसं कोणी पैसे घेऊन आलं नव्हतं, हेही विसरता येत नाही.

ती बँक ऑक्टोबर 2015 मध्ये उघडली. काही भिंतींचे उडालेले पोपडे मुद्दाम तसेच ठेवलेले. ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही कृष्णवर्णीय वाचकांची नियतकालिकं काढणाऱ्या जॉन्सन प्रकाशनाचं ग्रंथालय तिथं आहे. शिकागोतच जन्मलेल्या हाउस या नाचाच्या संगीताचा अध्वर्यू, डीजे फ्रँकी नकल्स, याच्या तबकड्या आहेत. कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या वस्तूंचाही एक मोठा संग्रह आहे. बाजारात त्या पुन्हा फिरू नयेत म्हणून एका दांपत्यानं त्या विकत घेऊन ठेवल्या होत्या.

(हिरवळ. लाकडी खांब. साधं छप्पर.)

आणि हा मांडव. मूळचा क्लीव्हलंडच्या एका बागेतला. नोव्हेंबर 2014 मध्ये बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तमीर राइस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन याच्याजवळ होता. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत पोलिसाची गोळी सुटली. तमीर वाचला नाही. नंतर तो मांडव पाडायचं ठरलं. तमीरच्या आईच्या संमतीनं त्याचे खांब आणि फळ्या सुट्या करून शिकागोला आणल्या गेल्या आणि जपून ठेवल्या गेल्या. 2019 साली बँकेशेजारच्या हिरवळीवर तो पुन्हा जोडून उभा केला. आत बसायला बाकं आहेत.