आधी टेप लावा

[दृश्य: पहाट. कारखान्याचं आवार. फोर्कलिफ्ट मागे घेतानाचा टी-टी आवाज. कॅमेरा दोन मालांवरून सावकाश फिरतो.]

आवारातून दोन माल निघायचेत. डावीकडे एका पॅलेटवर चौदा खोकी, फिल्मने घट्ट गुंडाळलेली, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या. उजवीकडे लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली पोलादी टाकी. तिच्या पोटावर कोणीतरी खडूने वजन लिहून ठेवलंय: साडेनऊ टन.

गिऱ्हाईक एकच. पत्ता एकच. निम्म्या दिवसाचा रस्ता. मॅनेजरने सोयीचा विचार केला. दोन्ही एकाच ट्रान्सपोर्टरला देऊन टाकू, भाव थोडा उतरेल.

असा विचार पुष्कळ जण करतात. खोक्यांच्या बाबतीत तो खपून जातो. टाकी मात्र ऐकत नाही.

[दृश्य: फोनवर बोलणारा माणूस. समोर उघडी वही, पेन.]

फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला. "भाडं किती पडेल?" पलीकडून फटकन आकडा आला की बरं वाटतं. पण मालाची लांबी-रुंदी न विचारता, तिकडे उतरवायला काय सोय आहे हे न विचारता आलेला तो आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. चुकला तर फरक नंतर बिलात दिसतो. म्हणून त्या फोनवर आपण कमी बोलावं, आणि समोरचा काय काय विचारतो ते वहीत टिपून घ्यावं. माणूस कळतो.

आधी खोकी बघू.

[दृश्य: डेपोचा फलाट. हातगाड्यांची ये-जा. एक पॅलेट तीन वेगवेगळ्या गाड्यांत चढताना.]

चौदा खोक्यांनी गाडी भरत नाही. म्हणजे हा पार्ट लोड, इतरांच्या मालासोबत जाणार. आपल्याला वाटतं, इथे चढला, तिथे उतरला. प्रत्यक्षात तो छोट्या गाडीने डेपोत जातो, तिथून मोठ्या ट्रकने दुसऱ्या डेपोत, तिथून पुन्हा छोट्या गाडीने गिऱ्हाइकाच्या दारात. तीन गाड्या. तीनदा चढला, तीनदा उतरला. हमाल दमलेला असतो, खाली काय ठेवलंय आणि वर काय ठेवतोय हे बघायला त्याला फुरसत नसते. ट्रकचे हादरे चांगलं पॅकिंग सोसतं. फलाटावर आपटलेला कोपरा सोसत नाही.

मोठं जाळं असलेल्या कंपनीत तर माल कधीकधी आधी उलट्या दिशेने मोठ्या केंद्रात जातो आणि मग परत फिरतो. देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं असेल तर ती व्यवस्था झकास. निम्म्या दिवसाच्या रस्त्यासाठी मात्र त्याच पट्ट्यात रोज गाडी सोडणारा विभागीय वाहतूकदार पुष्कळदा बरा पडतो. त्याला दोनच गोष्टी विचारा. मधे माल किती वेळा उतरणार? आणि गाडी रोज निघते, की भरली की निघते? दुसऱ्या प्रश्नाला तो जरा अडखळला, तर उत्तर मिळालं असं समजा.

[दृश्य: वजनकाटा. काट्यावर पॅलेट. आकडा थरथरत 210 वर स्थिरावतो.]

काटा म्हणतोय 210 किलो. पण बिल काट्यावर होईलच असं नाही, मालाने किती जागा अडवली त्यावरही होतं. पॅलेट 1.2 मीटर लांब, 0.8 मीटर रुंद, रचाई 1.5 मीटर उंच. घनफळ 1.44 घनमीटर. हवाई मालात 6000 घनसेंटिमीटरला एक किलो धरायची जुनी पद्धत आहे. त्या हिशेबाने हे पॅलेट 240 किलोचं. युरोपात रस्त्याच्या मालाला एका घनमीटरला 333 किलो धरायची रीत. त्या हिशेबाने तेच पॅलेट जवळपास 480 किलोचं. माल तोच, काटा तोच, नुसता भागाकार बदलला.

त्यात वर "यावर काही ठेवू नये" असं लिहिलं असेल, तर वरची मोकळी जागाही आपल्याच नावावर लागू शकते. त्यामुळे दोन ट्रान्सपोर्टरांचे किलोमागचे दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पॅलेटची मापं द्या आणि दारापर्यंतचा एकूण आकडा मागा.

[दृश्य: टाकी. एक माणूस वाकून टेप लावतोय. टेपचं टोक पोरगा धरून उभा.]

आता टाकी.

तीन ट्रान्सपोर्टरांना फोन झाले. दोघांनी जागच्या जागी भाव दिला. तिसरा म्हणाला, "माणूस पाठवतो, बघून सांगतो." तो माणूस आला तो टेप घेऊनच.

मॅनेजरच्या ड्रॉइंगवर रुंदी होती 2.54 मीटर. याच्या टेपवर आली 2.66. दोन्ही बरोबर. ड्रॉइंगवाल्याने टाकीचं अंग मोजलं होतं. टेपवाल्याने बाजूला बाहेर आलेला, फ्लँजला, म्हणजे भोकं असलेल्या जोडणीच्या कडीला, बोल्टने जोडलेला पाइपाचा तुकडाही धरला. बारा सेंटिमीटर. वीतभरही नाही.

पण या बारा सेंटिमीटरने माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. युरोपीय संघात साध्या गाडीची रुंदी 2.55 मीटरपर्यंत चालते, अमेरिकेच्या महामार्गांवर 102 इंच, म्हणजे साधारण 2.59 मीटर. त्याच्या पलीकडे गेलं की परवाना आला. ठरवून दिलेला रस्ता आला, ठरावीक वेळा आल्या, रुंदी आणखी वाढली की पुढेमागे दिवे लावलेली सोबतीची गाडीही आली. आणि परवाना देणारे सहसा आधी हेच विचारतात की हा माल सुटा करता येतो का. येत असेल तर परवाना सहसा मिळत नाही.

टेपवाल्याने तेच विचारलं. "हा तुकडा निघतो?"

निघतो. आठ बोल्ट. फिटरने वीस मिनिटांत काढला. वेगळ्या खोक्यात बांधला आणि ते खोकं पॅलेटवर गेलं. चौदाची पंधरा झाली.

[दृश्य: रेल्वेपुलाखालचा रस्ता. पुलाआधी आडवी पोलादी तुळई, तिच्यावर खरचटल्याच्या खुणा.]

रुंदी सुटली, उंची राहिली. ठोकळ्यांसकट टाकी 2.95 मीटर उंच. साध्या ट्रेलरचा तळ जमिनीपासून 1.4 मीटरवर धरला तर बेरीज 4.35. लोबेड, म्हणजे बुटक्या तळाच्या ट्रेलरचा तळ 0.9 मीटरवर धरला तर 3.85. युरोपात बहुतेक ठिकाणी मर्यादा 4 मीटरची. म्हणजे गाडी कोणती, यावरच सगळं ठरलं. ज्या दोघांनी फोनवर भाव दिला, त्यांनी मनात कोणती गाडी धरली होती, देव जाणे.

उंचीची चूक काय करते, हे बघायला अमेरिकेत डरॅम नावाच्या शहरात एक प्रसिद्ध जागा आहे. रेल्वेच्या पुलाखालून रस्ता जातो, उंची होती 11 फूट 8 इंच. पुलाला धक्का बसू नये म्हणून आधी एक पोलादी तुळई आडवी बसवलेली. 2008 पासून तिथे कॅमेरा आहे, आणि त्यात शंभराहून जास्त ट्रक तुळईला धडकताना टिपले गेलेत. छत डब्याच्या झाकणासारखं सोलून निघतं, म्हणून लोकांनी पुलाचं नाव "कॅन ओपनर" ठेवलं. पाट्या लावल्या, उंच गाडी आली की पेटणारे दिवे लावले. शेवटी 2019 मध्ये पूल आठ इंच वर उचलला.

धडका त्यानंतरही झाल्या.

पाटी वाचेल तो ड्रायव्हर, ही आशा झाली. रस्ता आधी जाऊन बघणं, हे काम झालं. टेपवाला दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर उंच काठी बांधून सगळा रस्ता फिरून आला. पूल ठीक. विजेच्या तारा ठीक. अडचण निघाली ती गिऱ्हाइकाच्या दारात. लांब ट्रेलर वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतला कोपरा कापतात. आणि फाटकाच्या आतल्या कोपऱ्यावर कोणीतरी हौसेने सिमेंटची कुंडी बांधून ठेवलेली. एक फोन केला, कुंडी हलली. हाच शोध ट्रेलर अर्धा वळल्यावर लागला असता तर मागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न सगळ्या गावाने ऐकले असते.

[दृश्य: अनेक आसांचा लांब ट्रेलर, चाकांच्या रांगा जवळून.]

आपली टाकी तशी हलकी. त्याच आकाराचा ट्रान्सफॉर्मर असता तर वजनाचा प्रश्न वेगळा उभा राहिला असता. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ऑटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून फिरवून रस्ता कसा खचतो ते मोजलं गेलं. त्यातून आलेला ढोबळ नियम असा की आसावरचं वजन दुप्पट केलं, तर रस्त्याचं नुकसान सोळापट होतं. जड मालाच्या ट्रेलरला चाकांच्या एवढ्या रांगा का, याचं उत्तर इथे आहे. ट्रान्सपोर्टर जड मालाला कमी आसांची, स्वस्तातली गाडी सुचवत असेल, तर त्याला प्रत्येक आसावर किती वजन येणार ते कागदावर मांडायला सांगा.

भाड्याचंही एक बोलून घेऊ. साधा ट्रक माल उतरवून परतीचं भाडं शोधतो, मिळालं की दोन्हीकडचा भाव उतरतो. लोबेडला परतीचा माल सहजी मिळत नाही. तो रिकामा परततो, आणि तो रिकामा प्रवास आपल्याच भाड्यात असतो. त्यामुळे लोबेडचा भाव फारच कमी आला, तर खूश होण्याआधी विचारा, गाडी तुमची की बाहेरून लावणार? बाहेरून लावण्यात पाप नाही. फक्त बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरने दिलेल्या मालाच्या पावतीवर, नाव कोणाचं, परवाना कोणाच्या नावावर आणि रात्री दोनला फोन कोण उचलणार, हे आधी ठरलेलं असावं.

[दृश्य: साखळदंड ताणले जाताहेत. टाकीच्या ठोकळ्याखाली रबरी मॅट सरकवली जाते.]

बांधणी. जोरात ब्रेक लागला की माल पुढे रेटतो. युरोपातलं मानक त्यासाठी मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर धरायला सांगतं, बाजूला आणि मागे 0.5 पट. साडेनऊ टनांच्या टाकीला पुढच्या बाजूने 7.6 टनांचा रेटा. "जड आहे, हलणार नाही" हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याला माल देऊ नका. जड आहे म्हणूनच ती ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घुसते. ठोकळ्याखालची ती काळी रबरी मॅट दिसायला किरकोळ. पण ती घर्षण वाढवते, आणि बांधणीवरचा भार बराच कमी होतो.

[दृश्य: बिल्टीचा कागद, जवळून. बोट एका बारीक अक्षरातल्या ओळीवर थांबतं.]

बिल्टीच्या मागची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. मीही वाचत नसे. त्यात नुकसानभरपाईची मर्यादा असते, आणि ती पुष्कळदा वजनावर असते, किमतीवर नाही. सीमेपलीकडे रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी 1956 चा सीएमआर करार आहे. त्याची मर्यादा किलोमागे 8.33 एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, गेली काही वर्षं साधारण सव्वा ते दीड डॉलरच्या दरम्यान. आता त्या पंधरा खोक्यांतलं बारा किलोचं कंट्रोल पॅनेलचं खोकं घ्या. भरपाई फार तर शंभर एसडीआर. दीडशे डॉलरच्या आतच. म्हणून हलक्या पण महागड्या मालाचा विमा वेगळा उतरवायचा. आणि माल घेताना खोकं चेपलेलं दिसलं, तर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहायचं. सही झाल्यावर घातलेल्या वादाला वजन राहत नाही.

[दृश्य: दुपार. गिऱ्हाइकाचं आवार. लोबेड फाटकातून सावकाश आत वळतो. क्रेन उभी आहे.]

क्रेन वेळेवर आहे, कारण ती आणायची कोणी हे भाव ठरवतानाच लिहून घेतलं होतं. नाहीतर लोबेड इथे उभा राहिला असता आणि खोळंब्याचे तास मोजले गेले असते.

पट्टे लागतात. टाकी उचलली जाते. ठोकळ्यांपासून हातभर वर येऊन एक क्षण थांबते, मग हलकेच वळून पायावर उतरते.

खोकी तिच्या आधी सकाळीच आलीत. पंधराच्या पंधरा. फिटर शेवटचं खोकं फोडतो, पाइपाचा तुकडा बाहेर काढतो, फ्लँजला लावून बघतो. भोकं जुळतात. मग बोल्टांची पिशवी हातावर उलटी करतो.

सात.

तो पिशवी झटकतो. खोक्याच्या तळाशी हात फिरवतो. बिल्टी उघडून बघतो. बिल्टीवर लिहिलंय: नग पंधरा.