उत्तरेला घे

[दृश्य: जानेवारी, पहाट. पाटात वाकलेले दोन हात.]

शनिवार. गोव्यातल्या सावईवेऱ्यातलं एक कुळागर, म्हणजे पोफळींची मिश्र बागायत. बाकी कशालाही हात लावण्याआधी पाणी सोडायचं, हा इथला रिवाज. डोंगराच्या पोटात झर, झरीखाली तळी, तळीतून पाट. पंप नाही, सगळा कारभार उताराचा. थोरला भाऊ पाटाच्या तोंडाशी पोफळीची विरी, म्हणजे पानाचं रुंद बूड, आडवी घालतो, वर चिखल थापतो. पाणी थबकतं, फुगतं आणि डावीकडच्या ओळीत शिरतं. 9 वर्षं ही ओळ कोरडी होती.

[दृश्य: पोफळींचं बन, खालून वर.]

वर माड नि पोफळी, सावलीत जायफळ नि केळी, पायाशी अननस, हळद. आणि पोफळीच्या अंगाखांद्यावर मिरवेल, काळ्या मिरीची. या घरच्या 60 वेली होत्या. एका पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं, मर लागली. पानं काळी पडून गळाली, वेली नुसत्या दोऱ्यांसारख्या लोंबत राहिल्या. फायटोप्थोरा ही बुरशी. सुपारीवर कोळेरोग आणणारी तिचीच भाऊबंद. पुढे वडील गेले, मुलं वास्को-पर्वरीला नोकरीत. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, अजून आजोबांचंच नाव आहे. ते प्रकरण वेगळं.

[दृश्य: जवळून. कोयती, वेलीचं पेर.]

बांधापलीकडच्या फणसावर एकच जुनी वेल वाचली होती. फेब्रुवारीत तिच्या बुडातून जमिनीवर धावलेले फुटवे कापले, दोन-तीन पेरांचे तुकडे पिशव्यांत रुजवले. विकतची रोपं मिळाली असती. पण आईला हीच वेल हवी होती.

[दृश्य: जून. ओली माती, कुदळ.]

धाकटी पोफळीच्या दक्षिणेला खणायला लागते. पायरीवरून आई, "अगो, तिकडे नको. उत्तरेला घे."

दक्षिणेचं ऊन कोवळ्या वेलीला सोसत नाही. म्हणून खड्डा उत्तरेला, बुंध्यापासून फूटभर लांब. बांधायला केळीचं सोपट, नायलॉन नाही. गाठ पेराच्या जरा खाली, सैल. पेरातून मुळं फुटतात, तीच साल धरतात. एकदा धरली की सोपट कुजून गेलं तरी चालतं.

[दृश्य: प्लॅस्टिकच्या पिंपात निळं द्रावण.]

बोर्डो मिश्रण, त्या बुरशीवरची फवारणी. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही वेगळे भिजवायचे, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलट कधीच नाही. थोरला कोयतीचं पातं बुडवून बाहेर काढतो. तांबूस थर धरला, म्हणजे चुना कमी. आणखी एक ओंजळ. पुन्हा पातं. आता स्वच्छ.

नवी वेल तिसऱ्या वर्षी फळ धरते. तोवर मजुरी, माकडं, गवे. खर्चाचा मेळ अजून बसलेला नाही.

[दृश्य: कॅमेरा उजवीकडे. कापलेला तांबडा डोंगर, प्लॉटचे दगड.]

हे शेजारचं कुळागर.

[दृश्य: जुलै. फणसावरची जुनी वेल, तुरे.]

मिरीच्या तुऱ्याला मधमाशीची वाट बघावी लागत नाही. थेंब वरून खाली ओघळतो, परागही सोबत उतरतात. दाणे तयार व्हायला सहा ते आठ महिने. घोसातले एक-दोन लाल झाले की अख्खा घोस खुडायचा.

[इथून पुढे निवेदन नाही. आई वेलीखाली उभी आहे तो शॉट पूर्ण जाऊ दे. पाटाचा आवाज.]