प्लायची कड

(गॅरेजचं दार वर सरकतं. ट्रेलरवर होडी.)

मिनेसोटातला एप्रिल. तळ्यावरचा बर्फ अजून पुरता गेलेला नाही. ही १४ फुटी, सपाट तळाची ॲल्युमिनियमची होडी. इकडे हिला जॉन बोट म्हणतात. पुढच्या टोकाशी जेमतेम एक माणूस बसेल एवढी फळी आहे. उभं राहून गळ टाकायचा तर ती फळी, म्हणजे डेक, मागे वाढवायला हवी. मेच्या मध्याला वॉलाय माशाचा हंगाम उघडतो, तोवर हातात चार शनिवार-रविवार.

(हातात जुन्या डेकचा तुकडा. बोट आत रुततं.)

हा तुकडा नीट बघा. आधीच्या मालकानं बसवलेला डेक. वरचा गालिचा अजून धडधाकट. गालिच्याखाली रंगाचे दोन थर, तेही शाबूत. पण कडांना रंग नाही, स्क्रूच्या भोकांना नाही, खालच्या अंगालाही नाही. कूज तिथूनच आत शिरली.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले. प्लाय कापलं की कडेला त्यांच्या नळ्या उघड्या पडतात. झाडानं याच नळ्यांतून पाणी शेंड्यापर्यंत नेलेलं असतं, आणि कापलेल्या लाकडातही त्या पाणी ओढतच राहतात. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. पुढची सगळी मेहनत तेवढ्यासाठी.

(करवत. भुसा.)

१२ मिलिमीटरचं मरीन प्लाय घेतलंय. त्याच्या आतल्या थरांत पोकळ्या नसतात, म्हणून कड भरीव निघते. दुकानात औषध मुरवलेलं प्लायही मिळतं, पण त्यात तांब्याचे क्षार असतात. ओल्या ॲल्युमिनियमला ते टेकले की पत्रा खातात. ते या होडीत नको.

(वाटीत रेझिन आणि हार्डनर. काठी फिरते.)

इपॉक्सी. हे दोन्ही मिसळले की टणक होतं आणि लाकडात पाणी शिरू देत नाही. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, आणि तिथे अंदाज चालत नाही. मिश्रण वाटीत तसंच राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं आणि घट्ट होतं, म्हणून लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. बाबा मालवणहून आलेत. डबा उघडला की ते आधी वास घेतात. त्यांच्या लहानपणी होडीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे.

(कडेवर ब्रश. ओली चकाकी बघता बघता विझते.)

बघा, कड कशी पितेय. ब्रश पुढे गेला की मागची चमक गेली. पुन्हा लावायचं. पुन्हा पिते. चकाकी टिकेपर्यंत कडेवरून हलायचं नाही. मग दोन्ही अंगांना रोलरनं तीन थर. थर वाळला की वर मेणचट साय येते, ती पाण्यानं पुसायची, काचपेपर मारायचा आणि मग पुढचा थर. रात्री गॅरेजमध्ये हीटर, कारण थंडीत इपॉक्सी धरत नाही.

(ड्रिल.)

आणि भोकं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. स्क्रूला लागतं त्याहून मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीनं भरायचं, वाळू द्यायचं आणि मग त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक. आता स्टेनलेसचा स्क्रू लाकडाला शिवतच नाही.

(गालिचा उलगडतो.)

गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा, पाठीला रबर नसलेला. रबर पाणी अडवून धरतं. दातेरी थापीनं गोंद पसरून मधून बाहेर दाबत जायचं, कोपरे तिरके कापून कडा खाली दुमडायच्या. तिथे स्टेपल मारले की काम पटकन होतं. आम्ही मारले नाहीत. तीन थर चढवून पुन्हा शंभर भोकं कशाला पाडायची? गोंद धरेपर्यंत क्लॅम्प लावून ठेवले, दोन दिवस.

डेकचं वजन होडीवरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेतून वजा धरायचं, आणि उंचावर उभं राहिलं की होडी जास्त डुलते, हेही लक्षात ठेवायचं.

(बाबा गालिच्यावरून हात फिरवतात. मग वाकून खालची कड चाचपतात.)

(धक्का. होडी पाण्यात. निवेदन नाही.)