शिक्का मारलेली पीडीएफ कोण वाचणार?

(नगरपालिकांच्या संगणक विभागातल्या लोकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जेवणानंतरचं सेशन माझ्या वाट्याला आलंय, तेव्हा कुणाला डुलकी लागली तर मी मनाला लावून घेणार नाही, फक्त मोबाइल सायलेंटवर ठेवा. मी वेबसाइट बनवणारा माणूस, छोटी टीम आहे आमची, पालिकांची कामं घेतो, म्हणजे टेंडर भरणं, बिलासाठी चकरा मारणं आणि उरलेल्या वेळात कोडिंग.

तर एका शहराची साइट केली होती आम्ही, नाव नको. वर उजव्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणं, शेजारी काळी-पांढरी थीम, खाली 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' नावाचं एक पान. आम्ही खूश, साहेब खूश, दिव्यांगांसाठीच्या सोयींच्या रकान्यात टिक पडली. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, पूर्ण अंध. त्यांना म्हटलं, काका, आमच्या साइटवरून जरा घरपट्टी भरून दाखवा ना. काका लॅपटॉप घेऊन बसले, एनव्हीडीए चालू केलं. हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनीच २००६ मध्ये सुरू केलेलं.

आणि ते बोलायला लागलं. "लिंक, अधिक वाचा. लिंक, अधिक वाचा. लिंक, अधिक वाचा." काका म्हणाले, "अरे पण काय अधिक वाचू?" मग स्लायडरमधले उद्घाटनाचे फोटो, त्यांना आम्ही मजकूरच दिला नव्हता, त्यामुळे ते नुसती फाइलची नावं वाचत सुटलं, आयएमजी अंडरस्कोर अमुक, आयएमजी अंडरस्कोर तमुक. कसेबसे घरपट्टीच्या पानावर पोचले तर तिथे "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." तीन रकाने होते, झोन, वॉर्ड आणि मालमत्ता क्रमांक. डोळ्यांना नावं दिसत होती की, पण कोडमध्ये ती नावं त्या रकान्यांना जोडलेलीच नव्हती, लेबल टॅगची एक-एक ओळ, तीही आम्ही लिहिली नव्हती! काकांनी अंदाजाने भरलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं, आणि पुढे कॅप्चा. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा. काका थांबले. म्हणाले, "आता तुझ्या काकूला हाक मारावी लागणार. आणि तिलाच हाक मारायची तर मी सकाळीच तिला नसतं का सांगितलं?"

मला त्या दिवशी लाज वाटली, खरं सांगतो. आता त्या पानावर मोबाइलवर ओटीपी जातच होता, मग वर कॅप्चा कशाला? विचारलं तर उत्तर मिळालं, आधीच्या साइटवर होता म्हणून. काढून टाकला. काही बिघडलं नाही.

कायद्याचं पटकन सांगतो, कारण फाइलवर ते लागतंच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं. सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, तिसरी आवृत्ती, २०२३ ची, ती डब्ल्यूसीएजी २.१ ची, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, डबल-ए पातळी मागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे, नियम नुसते शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर कोर्ट म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. त्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा म्हटलं तर मिटणार कशा? एवढं टिपणीत लिहिलंत तरी साहेब विचारणार नाहीत की हा खर्च कशाला.

पण कायद्याने माझं काम सोपं झालं असं नाही हां. कारण आम्ही साइट नीट केली, लेबलं जोडली, भगव्या पट्टीवरची पांढरी अक्षरं बदलली (कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक, ४.५ ला १ लागतो, भगव्यावर पांढरं जेमतेम २ च्या आसपास भरतं), पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहिलं, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी एकतर गिळतो नाहीतर भलतंच काहीतरी बडबडतो. सगळं झालं. आणि तीन महिन्यांनी साइट परत होती तिथेच. का? कारण पीडीएफ.

तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला माहितीये. नोटीस कॉम्प्युटरवरच टाइप होते. मग प्रिंट, मग सही, मग गोल शिक्का, मग स्कॅन, तोही तिरका, आणि तो अपलोड. मुळात अक्षरं होती, ती आपण आपल्या हातांनी फोटो करून टाकली! दिव्यांगांसाठी पालिकेला ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, त्या योजनेचा अर्जसुद्धा असा स्कॅन करून टाकलेला मी पाहिलाय. ज्याच्यासाठी अर्ज त्यालाच तो वाचता येत नाही.

बरं स्कॅन नाही केलं तरी दुसरी गंमत. जुन्या ऑपरेटरचा हात कृतिदेव या जुन्या फाँटवर बसलेला. कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला कॉम्प्युटरमध्ये स्वतःची ओळख देणारी पद्धत नाही, तिथे खाली इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त चेहरा मराठी. तुम्हाला दिसतं 'महानगरपालिका', आणि काकांच्या लॅपटॉपला दिसतं ई जी के यू एक्स जे आय के एफ वाय डी के. टाळ्या नकोत, पाठ केलंय मी ते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की साइट सुगम ठेवणारा माणूस म्हणजे मी नाही, अपलोड करणारा तुमच्यातला तो ऑपरेटर आहे, बऱ्याचदा कंत्राटी, आणि त्याला हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं, सगळं ट्रेनिंग साहेबांना. त्याला सांगा, युनिकोडमध्ये टाइप कर, हेडिंगला नुसतं बोल्ड न करता हेडिंगची स्टाइल दे, वर्डमधूनच पीडीएफ काढ, सही डिजिटल घे. नसेल डिजिटल तर स्कॅनच्या शेजारी अक्षरांचीही प्रत टाक, दोन मिनिटं लागतात. आणि पुढच्या टेंडरमध्ये एक ओळ घाला, शेवटचं बिल निघायच्या आधी एका अंध आणि एका माउस न वापरणाऱ्या माणसाने घरपट्टी भरून दाखवायची. त्यांना त्याचे पैसेही द्या, फुकट बोलवू नका.

हो, बहिऱ्या लोकांचं राहिलंच. तक्रारीसाठी नुसता फोन नंबर देऊ नका, मेसेज किंवा ईमेलही ठेवा.

आता मी प्रोजेक्टर बंद करतोय आणि लॅपटॉपचा आवाज मोठा करतोय, स्क्रीन कुणालाच दिसणार नाही, मलासुद्धा. जन्माच्या दाखल्याचा अर्ज भरायचाय. कुणाच्या गावची साइट घेऊ?