पाईप लावून तुटलेला स्टड

[दृश्य : पंचगंगेचा काठ. उसाच्या कडेनं नदीत उतरलेला सक्शन पाईप. गंजानं लाल झालेला पंप.]

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या लहान पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात. नदीकाठच्या शेतकऱ्याची धांदल मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पाणी पात्राबाहेर पडायच्या आत मोटर वर काढायची असते. पाऊस कोसळत असतो, पायाखाली चिखल, हातात बॅटरी. वर्षभर ओलीत बसलेला नट नेमका त्याच रात्री हटून बसतो.

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर. अरुंद बोळ, लेथचा आवाज, दारात टेम्पो.]

हे शिवाजी उद्यमनगर. उसाच्या चरकाचं, विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, इथं ओतलं गेलं, कातलं गेलं. मोठे कारखाने पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावला गेले, तरी या बोळांतली घरघर थांबलेली नाही. ज्याचं काही अडलंय तो माणूस अडलेली वस्तू उचलून इथं येतो.

आज एक पंप आलाय. डिलिव्हरीच्या फ्लँजला, म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या तोंडाच्या कडेला, चार स्टड, म्हणजे बिडात आवळलेले, डोकं नसलेले बोल्ट. तीन उभे आहेत. चौथा बिडाच्या बरोबरीनं, सपाट तुटलाय. पाना लावायला वर काहीच उरलेलं नाही.

मिस्त्री बसकण मारतात, तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवतात आणि वर न बघताच विचारतात, "तात्या, पान्याला पाईप लावलीसा न्हवं?"

"लावली की. पाणी चढाय लागलं हुतं. नट काय हलंना."

मिस्त्री मान हलवतात. रागवत नाहीत. पाणी चढत असताना माणूस दुसरं काय करणार, हे त्यांनाही कळतं. पण पाईप लावली की हाताचा जोर तिप्पट-चौपट होतो, आणि स्टड असतो फक्त १२ मिलिमीटरचा. आट्यांच्या तळाशी तर तो दहाच्याही आतच भरतो. गंज सुटायच्या आधी पोलाद पिळतं, बारीक होतं आणि तुटतं. तुटतं तेही बहुतेक वेळा बिडाच्या तोंडाशीच, कारण ओल तिथंच साचते.

गंज म्हणजे नुसता लाल रंग नव्हे. लोखंड गंजलं की ते फुगतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. आट्यांमधली केसाएवढी फट भरून जाते आणि स्टड चहूबाजूंनी दाबला जातो. पाचर ठोकल्यासारखा.

[दृश्य : तेलाची बुधली. तुटक्या स्टडभोवती पसरणारं तेल.]

तुम्हाला वाटेल, आता एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका बोल्ट उपसायचं अवजार, बाहेर निघेल. नाही. आज मिस्त्री फक्त तेल सोडतात. तारेच्या ब्रशनं जागा स्वच्छ करतात, गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे दोन-चार थेंब टाकतात, तुटक्या स्टडच्या डोक्यावर बोथट पंच धरून हातोडीचे सात-आठ ठोके देतात. जोरात नाही, टकटक. त्या हादऱ्यानं गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. हेच संध्याकाळी पुन्हा, उद्या पुन्हा. तात्या मोकळ्या हातानं गावाकडं परततात.

या दोन दिवसांबद्दल मला आवर्जून सांगायचंय. तुटलेला स्टड काढण्याचं बरंचसं काम याच दोन दिवसांत होतं, आणि व्हिडिओत दाखवण्यासारखं त्यात काहीही नसतं. म्हणून ते कोणी दाखवत नाही. बघणाऱ्याला वाटतं ड्रिल मारलं, एक्स्ट्रॅक्टर ठोकला, फिरवला, झालं. मग घरी तसंच करायला जातो आणि एकाच्या दोन अडचणी करून बसतो. मीही बसलोय. मोटरसायकलच्या इंजिनात तुटलेला बोल्ट आणि त्याच्या पोटात तुटलेला एक्स्ट्रॅक्टर, असं घेऊनच मी पहिल्यांदा या बोळात आलो होतो.

[दृश्य : तिसरा दिवस. गॅसची ज्योत, शेजारी मेणबत्ती.]

तिसऱ्या दिवशी गॅस पेटतो. त्याआधी जुनं तेल पुसून घेतलंय, पंपाचं रबर आणि सील काढून ठेवलंय. बीड तापवायचं ते सावकाश. एकाच ठिकाणी ज्योत रोखली किंवा तापलेल्यावर पाणी ओतलं, तर बीड तडकतं. मग स्टड राहतो बाजूला, पंपच भंगारात. मिस्त्री ज्योत गोल फिरवत ठेवतात. बीड गरम होऊन फुगतं, आतला स्टड मागं राहतो, पुन्हा थंड होताना दोघं वेगवेगळे आकसतात. या ओढाताणीत गंजाची पकड सुटते.

आता मेणबत्ती. ज्योत बाजूला करून गरम जागेवर मेण टेकवलं की ते वितळतं आणि बघता बघता आट्यांत ओढलं जातं. नीट बघा. आत्ता इथं होतं, आता नाही. मेण आत गेलं म्हणजे वाट झाली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू दिसतं ते इथं.

[दृश्य : अगदी जवळून. तुटक्या स्टडचं तोंड, कानस, सेंटर पंच.]

थंड झाल्यावर मध्य शोधायचा. तुटलेलं तोंड ओबडधोबड असतं, एका बाजूला उंच, दुसरीकडं खोल. त्यावर पंच मारला तर तो घसरतो. म्हणून आधी बारीक कानशीनं तोंड सपाट करतात. मग पंचाची एक हलकी खूण. मिस्त्री भिंग लावून बघतात. खूण किंचित उजवीकडं आहे. पंच तिरका धरून खूण डावीकडं ढकलतात. पुन्हा भिंग. आता एक खणखणीत ठोका.

हेल्पर पोरगं विचारतं, "एवढ्यानं काय फरक पडतोय, मिस्त्री?"

मिस्त्री खडूनं लोखंडी टेबलावरच चित्र काढतात. १२ चा स्टड, आट्यांच्या तळाशी साधारण पावणेदहा. त्यात साडेसहाचं भोक. चारी बाजूंनी उरतं जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर. भोक एक मिलिमीटर सरकलं तर एका अंगाला भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच उरते, आणि ड्रिलचा काय भरवसा, पोलादापेक्षा मऊ असलेल्या बिडाकडं ते पळतं. "मग आट्याबी गेल्या न् स्टडबी ऱ्हायला आतच."

आधी तीनचं ड्रिल, मग साडेचार, मग साडेसहा. मशीनचा वेग कमी, तेलाची धार चालू. इथं मिस्त्री उलट्या पिळाचं ड्रिल वापरतात, म्हणजे मशीनही उलटं फिरतं. त्याचं कारण साधं आहे. ड्रिल कापतानाच स्टडला सुटायच्या दिशेनं ओढत असतं. कधी कधी साडेचारलाच ड्रिल पकडतं आणि स्टड आपसूक फिरत वर येतो. एक्स्ट्रॅक्टर डब्यातच राहतो. आज तसं झालं नाही.

[दृश्य : एक्स्ट्रॅक्टर, मिस्त्रींच्या तळहातावर.]

हा एक्स्ट्रॅक्टर. आपल्याकडचे फिटर याला इझी आउट म्हणतात. करंगळीएवढा, खाली निमुळता, अंगावर उलटा पीळ. भोकात बसवून डावीकडं फिरवला की पीळ पोलादात रुततो, आणि जितकं फिरवाल तितका घट्ट धरतो. स्टडही डावीकडंच सुटतो. दोघांची दिशा एक, म्हणून हे काम होतं.

पण तो निमुळता आहे, हे विसरायचं नाही. रुततो तेव्हा तो स्टडला आतून फाकवतोही. भोक गरजेपेक्षा मोठं केलं तर उरलेली पातळ भिंत बाहेर ढकलली जाते आणि स्टड आणखी आवळून बसतो. भोक लहान ठेवलं तर एक्स्ट्रॅक्टर बारीक घ्यावा लागतो, आणि तो पिळात तुटतो. त्याचं पोलाद अतिशय कडक असतं, म्हणजेच ठिसूळही. वाकत नाही, एकदम टचकन् जातो. आत राहिलेल्या त्या तुकड्यावर साधं ड्रिल चालतच नाही, वरून घसरत राहतं. म्हणून मिस्त्री कधीही एका बाजूला दांडी असलेला पाना याला लावत नाहीत. आटे पाडायच्या टॅपचं, दोन्ही बाजूंनी सारखी पकड असलेलं हँडल लावतात, म्हणजे जोर सरळ राहतो.

दोन हलके ठोके. हँडल हातात. सगळं दुकान गप्प झाल्यासारखं वाटतं, खरं तर शेजारची लेथ चालूच आहे.

मिस्त्री आधी उजवीकडं, आवळायच्या दिशेनं हँडलला अगदी नखभर हिसका देतात. मग डावीकडं. काही नाही. पुन्हा तेल. पुन्हा डावीकडं, थांबून, जोर धरून ठेवत.

कर्र.

हा आवाज ओळखायला शिकावं लागतं. तुटण्याचा आवाज कोरडा आणि आखूड असतो. सुटण्याचा लांबतो, ओढल्यासारखा. मिस्त्री लगेच फिरवत सुटत नाहीत. पाव फेरा डावीकडं, थोडं मागं, तेल, पुन्हा पाव फेरा. गंजाचा भुगा तेलात मिसळून तांबडा राडा वर येतो. सहाव्या-सातव्या फेऱ्याला हात हलका होतो, आणि तुटका तुकडा एक्स्ट्रॅक्टरच्या टोकाला धरून बाहेर येतो. इंचभरही नाही.

[दृश्य : तुकडा पुसून कॅमेऱ्यासमोर. मधलं भोक.]

आणि समजा नसता निघाला? तर स्टडवर नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्डिंग करायचं. नट धरायला मिळतो, आणि वेल्डिंगची धग थेट स्टडच्या गाभ्यात जाते. बिडाला साधं वेल्डिंग सहजी धरत नाही, त्यामुळं शेजारचं बीड वाचतं. तेही जमलं नाही तर सरळ १०.२ चं ड्रिल मारून स्टड पोखरायचा आणि आट्यांत राहिलेले वेटोळे टोच्यानं उचकटायचे. पण मध्य साधला असेल तरच. आणि आत एक्स्ट्रॅक्टरच तुटून बसला असेल, तर स्पार्क मशीन. डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणाऱ्यांकडं ते असतं. विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणानं खाऊन टाकायची ही रीत १९४३ मध्ये सोव्हिएत संघातल्या लाझारेन्को दांपत्यानं शोधली. माझ्या मोटरसायकलचं इंजिन त्यांच्याच रीतीनं वाचलं.

जाता जाता एक. घड्याळाच्या पितळी प्लेटीत पोलादी स्क्रू तुटला, तर घड्याळजी ड्रिलला हातच लावत नाहीत. तुरटीच्या गरम पाण्यात प्लेट ठेवतात. स्क्रू विरघळतो, पितळ राहतं. बिडाला हा उपाय नाही, बीडही लोखंडच.

[दृश्य : आट्यांत फिरणारा टॅप. नवा स्टड.]

आता १२ चा टॅप हातानं फिरवून आटे साफ होतात. भोकाच्या तळातलं तेल आणि भुगा कापसानं टिपून घेतात. ही गोष्ट कितीजण करतात कोण जाणे. तळात तेल साचलेलं असताना स्टड आवळला, तर दाबलेलं तेल जायचं कुठं? ते बीड फोडतं. नव्या स्टडच्या आट्यांना कॉपर ग्रीस लागतं. तो बोटांनी फिरवतच तळापर्यंत जातो.

तात्या खिशातून पैसे काढायला लागतात. त्यांना आज मोटर बसवायचीय, ऊस वाळतोय.

मिस्त्री बुधली उचलतात आणि उभ्या असलेल्या तीन जुन्या स्टडांवर एकेक थेंब तेल सोडतात.

"ह्ये तिघं ऱ्हायल्यात, तात्या. परवा या."